चौऱ्याण्णव पट्ट्या

“दोनशे बारा पट्ट्या संपल्या आणि रजिस्टरात नावं एकशे अठरा. बाकीच्या चौऱ्याण्णव काय उंदरांनी खाल्ल्या, सिस्टर?”

सिस्टरच्या टेबलावर रक्तातली साखर तपासायचं मुठीएवढं यंत्र होतं; दर तपासणीला त्यात एक पट्टी लागायची. तपासनीसाने पाण्याची बाटली तोंडाला लावली. सकाळपासूनची ही तिसरी.

सत्तावीस वर्षं तो दवाखान्यांची भांडारं तपासत आला होता. घराला कुलूप लावून चार पावलं गेला, की परत येऊन ते ओढून बघायचा. बायको म्हणायची, “एक दिवस आरशातल्या माणसाकडेही ओळखपत्र मागाल.” आता कार्यालयाने त्याला एकच गोष्ट ठरवायला पाठवलं होतं: या डोंगरावरच्या दवाखान्यात जागच्या जागी तपासणी परवडते की नाही. परवडत नसेल तर यंत्र परत आणायचं, आणि रक्त पूर्वीसारखं गाडीने शहरात पाठवायचं.

“पूर्वीसारखं म्हणजे दहा दिवसांनी रिपोर्ट, साहेब,” सिस्टर म्हणाली. “गेल्या वर्षी एका बाईचा रिपोर्ट आला, तेव्हा ती जाऊन चार दिवस झाले होते.”

“विषय बदलू नका.” त्याने यंत्रात साठलेले आकडे काढले आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव, नव्वद... असे जवळपास सारखेच आकडे तब्बल चौऱ्याण्णव. एकाच माणसाचं रक्त! “घरातल्या कोणाची फुकट तपासणी चाललीय?”

“माझीच आहे.”

“तुम्हाला साखर आहे?”

“नाही. लोक बोट पुढे करत नाहीत, साहेब. म्हणतात, हे यंत्र गोळ्या खपवायला सगळ्यांनाच आजारी ठरवतं. आधी तुझं दाखव. मग मी माझं टोचते. माझा आकडा चांगला आला, की त्यांचं बोट पुढे येतं.”

“वा, छान गोष्ट रचलीत! इतका संशयी असतो का कोणी?”

त्याने यंत्र पिशवीत टाकलं. सिस्टरचा चेहरा पडला. त्याने पुन्हा बाटली उचलली, तशी ती हळूच म्हणाली, “साहेब, रात्री किती वेळा उठता?”

“वय झालं आता.”

“ते यंत्र द्या जरा. मिनिटभर लागेल.”

तीनदा उठत होता तो, कधी चारदा. बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याने यंत्र दिलं. सिस्टरने सुई काढली, तसा त्याने हात मागे घेतला. सुईकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं.

“हे बरोबर दाखवतं कशावरून? आधी तुमचं बघू.”

बोलून गेला, आणि त्याचे कान तापले. सिस्टर हसली नाही. तिने नेहमीच्या सवयीने हात उलटा केला आणि टोचायला जागा शोधू लागली. बोटांची टोकं बारीक काळ्या ठिपक्यांनी भरली होती. शेवटी करंगळीच्या कडेला जागा सापडली. एक्क्याण्णव.

मग त्याने बोट पुढे केलं. तीनशे चाळीस.

“आजच गोळी सुरू करू,” ती म्हणाली. “घाबरू नका.”

त्याने रजिस्टर ओढून एकशे एकोणिसावं नाव लिहिलं, स्वतःचं. पट्ट्यांच्या रकान्यात लिहिलं: दोन. सही केली, आणि यंत्र पुसून तिच्या टेबलावर परत ठेवलं.