रिकाम्या जागेतला चेहरा

मित्रांनो, तुम्हाला मला हातात धरता येणार नाही. मी सुपेला नावाच्या वस्तीतल्या एका फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरमधली जुनी डेटाबेस फाइल आहे. गिऱ्हाइकांची नावं आणि फोटो सांभाळणं हे माझं काम होतं.

दुकान सुरू झालं तेव्हा मी अगदी लहान होते. मग कारखान्यातले कामगार, शाळेतली मुलं, लग्न ठरायच्या मुली असे सगळे माझ्यात येत गेले. मालक कमलेश अभिमानानं सांगायचा, "नाव सांगा, लगेच फोटो काढून देतो." पुढे लोक मोबाइलवरच फोटो काढू लागले आणि कमलेश माझ्यातले जुने फोटो पुसू लागला.

पण पुसल्यानं मी लहान झाले नाही. पुसणं म्हणजे 'ही जागा रिकामी' अशी नुसती खूण करणं. नवा फोटो त्या जागी येईपर्यंत जुना चेहरा तिथंच असतो, फक्त शोधला तर सापडत नाही. इतके चेहरे पोटात असूनही मी एकटी होते.

एका दुपारी डिस्क भरली. गिऱ्हाईक फोटोसाठी बसलं होतं, पण माझ्यातल्या रिकाम्या जागा लहान लहान तुकड्यांत विखुरलेल्या होत्या आणि नवा मोठा फोटो एकीतही मावेना.

"हिले कॉम्पॅक्ट करून टाकतो," कमलेश म्हणाला. म्हणजे कामाचे तेवढे फोटो नव्या, लहान फाइलमध्ये उतरवायचे आणि रिकाम्या खुणेखालचं सगळं कायमचं सोडून द्यायचं.

तेवढ्यात मथुराकाकू आल्या. त्यांचे यजमान देवाजी त्याच आठवड्यात वारले होते.

"तेरवीले फोटो पाह्यजे बाबू. पेन्शनसाठी इथंच काढला होता त्याईनं. घरी एकई नाही. कॅमेरा दिसला का पळायचे."

"काकू, ते तर मागच्याच महिन्यात डिलीट केले जी."

काकू स्टुलावर बसून राहिल्या. देवाजी माझ्यातच होते, पण मला ओरडता येत नव्हतं. कमलेशचा हात माउसकडे गेला.

"दादा, थांब," दुकानात आलेली त्याची बहीण नीतू म्हणाली. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते.

"कावून? गिऱ्हाईक खोळंबून राहिलं ना!"

"पहिले हिची कॉपी काढ, माह्या हार्ड डिस्कवर. पुसलेलं अजून आत असू शकते."

कॉपी झाली. नीतूनं रिकाम्या जागा एकेक करून तपासल्या. संध्याकाळी पडद्यावर देवाजी दिसले, पण एका कडेची पट्टी करडी होती. त्या जागेवर दुसऱ्याच कोणाचा फोटो येऊन बसला होता.

"एक कान गेला, काकू," नीतू हळूच म्हणाली.

काकूंनी पदरानं पडदा पुसला. "जाऊ दे माय. दोन होते तवा तरी कुठं आयकत होते माह्यं!"

दुकानात आता नवी, लहान, चपळ फाइल काम करते. मी नीतूच्या कपाटात, त्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. माझ्यात अजून किती तरी चेहरे आहेत. त्यांना विचारत कोणी आलेलं नाही.

मित्रांनो, जागा जरूर मोकळी करा. भरलेल्या डिस्कवर कोणाचंच काम होत नाही. पण आधी एक प्रत काढून ठेवा, आणि आत कोणाचं माणूस राहिलं आहे का, ते विचारून घ्या. आतल्याला हाक मारता येत नाही.