आमच्या गोलकीपरला शिव्या देणारा

सामना आम्ही हरलो तो कुलूपमुळे, हे खरं. कुलूप म्हणजे आमच्या कॉलेजचा गोलकीपर. अगदी शेवटी एक साधा, शेंबड्या पोरानेही अडवावा असा चेंडू त्याच्या पायांमधून गोलात गेला. पण त्याला कोणी एका शब्दाने बोललं नाही. आमच्यात माया दाखवायची एकच रीत आहे, पाठीत गुद्दा घालायचा. प्रत्येकाने एकेक घातला. त्याने हातमोजे कचऱ्याच्या डब्यात टाकले, "मी सोडलं फुटबॉल," म्हणाला आणि अंघोळीला गेला.

आम्ही बुटांच्या नाड्या सोडत बसलो होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"नालायक आहेस तू. तुला टीममध्ये घेतलं कोणी? गोलात खुर्ची ठेवली असती तरी बरं झालं असतं."

कप्तानाचं डोकंच सटकलं. दारातून तिरकं होऊन आत यावं लागतं असा तो गडी. "समोरच्या टीमचं कोणीतरी आत शिरलंय," तो म्हणाला. "आपल्या पोराला असं बोलतो?" त्याने हातात बूट घेतला, मी बादली उचलली, आणि आम्ही सगळे अर्ध्या कपड्यांनिशी आत घुसलो.

आत कुलूप एकटाच. कमरेला टॉवेल, समोर आरसा.

"कुठे गेला तो?" कप्तानाने विचारलं.

"कोण?"

"तुला शिव्या देणारा."

कुलूपचे कान लाल झाले. आमच्या टाळक्यात प्रकाश पडायला जरा वेळच लागला. कप्तानाचा बूट तर तसाच वर राहिला होता.

खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. परका यातलं अर्धं जरी बोलला असता, तरी आम्ही त्याचे दात घशात घातले असते. पण याचं काय करायचं?

"माफी माग," कप्तान म्हणाला.

"कोणाची?"

"आमच्या गोलकीपरची. त्याला असं बोललेलं आम्ही खपवून घेत नाही."

"वेडा झालास का रे?"

"माग म्हणतो ना."

"मग तुम्ही बघू नका."

आम्ही भिंतीकडे तोंडं केली. मग कुलूप पुटपुटला, "चुकलं माझं. होतं रे असं कधी कधी." आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत साबण गेला. अंघोळ अजून कोणीच केली नव्हती.

हातमोजे कप्तानानेच डब्यातून काढले, त्यांना चिकटलेली केळ्याची साल झटकली आणि त्याला दिले. गुद्दा घालायला हात उचलला, पण मग तो नुसताच त्याच्या खांद्यावर ठेवला.

पुढच्या सामन्यात पहिलाच चेंडू कुलूपच्या हातातून सुटून आत गेला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. चिखलात पडल्या पडल्या तो स्वतःलाच मोठ्याने म्हणाला, "असू दे राजा. ऊठ."

गोल मारणाऱ्या गड्याला वाटलं आपल्यालाच म्हणतोय, तो गडबडून थँक्यू म्हणाला. तोवर कुलूप उठलाही होता.