अर्ध्या छपराची मेजवानी

आमच्या गावचं आगीच्या बंबाचं घर एका डुकरापायी बुडायला आलं होतं. डुक्कर बिचारं भाजलेलं होतं, त्याला कशाला नावं ठेवा. सगळा दोष फेलिक्सकाकांचा.

आमच्याकडे आग विझवायला गावातलीच माणसं धावतात, बिनपगारी. त्यांची मी कमांडर. बाई कमांडर झाली तेव्हा आमचा म्हातारा सुतार गुस्तल म्हणाला होता, "होऊ दे, हौस फिटेल." मागच्या उन्हाळ्यात आमच्या पावलाबाईच्या गवताच्या कोठाराला आग लागली. आत गाय हंबरत होती आणि बाहेर आमचा जुना बंब नुसता खोकत होता. शेवटी टेकडीपलीकडच्यांनी येऊन आग विझवली, गाय बाहेर काढली, आणि तेव्हापासून बाजारात भेटले की विचारतात, "काय, बादल्या पुरतात ना?" शरमेने मान वर करता येत नाही.

मग वरच्या कचेरीने कळवलं की नवा बंब एकच आहे. आग विझवणाऱ्यांच्या संताच्या, सेंट फ्लोरियनच्या, सणापर्यंत ज्या गावात त्याच्यासाठी छपरासकट घर उभं असेल, त्या गावाला तो मिळेल. म्हणजे आम्हाला, नाहीतर पलीकडच्यांना. मी भर सभेत बोलून बसले, "बंब तिकडे गेला तर मी कमांडरकी सोडीन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या नक्की कशासाठी, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या बाळाला लागतो तसा बंबालाही धर्मबाप लागतो. त्याने हात सैल सोडायचा, आणि पाद्रीबाबा पाणी शिंपडतात तेव्हा शेजारी छाती काढून उभं राहायचं. आमचे धर्मबाप सॉ मिलवाले फेलिक्सकाका. आढं, वासे, फळ्या, सगळं लाकूड त्यांचं. माणूस सोन्यासारखा, पण कुणाला नाही म्हणता येत नाही. गायनमंडळाने त्याच घरात तालमीची खोली मागितली, "होऊन जाईल." शिकाऱ्यांनी शिंगं टांगायला भिंत मागितली, "होऊन जाईल." सगळ्यांचं होऊन गेलं असतं आणि बंब राहिला असता अंगणात. नाही म्हणायचं काम माझ्याकडे, त्यामुळे गावाचे आशीर्वाद त्यांना आणि शिव्या मला.

तरी काम चाललं होतं. दर शनिवारी माणसं हातोड्या घेऊन यायची, कुरकुरायची आणि वासे चढवायची.

आता आमच्या गावची एक रीत आहे, लिकोफ. छपराचा सांगाडा पुरा झाला की सुतार सर्वांत उंच टोकाला स्प्रूसचं रोपटं ठोकतो आणि मालक सगळ्यांना जेवू घालतो. एकदा लिकोफ खाल्ला की काम संपलं. त्यानंतर कुणी हातोडीला हात लावला तर मालकाने उपाशी ठेवलं असा अर्थ होतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फेलिक्सकाकांनाही होतं. पण ऑस्ट्रियाहून त्यांची बहीण आली होती आणि तिला भावाचा थाट दाखवायचा होता.

मी त्या शनिवारी राजधानीत, ल्युब्लियानाला, कमांडरांच्या शिबिरात. परत येऊन बघते तर एका बाजूला वासे, दुसऱ्या बाजूला निव्वळ आभाळ, आणि टेकूच्या खांबाला रिबिनी बांधलेलं रोपटं. खाली डुक्कर, वाइन, अकॉर्डियन, आणि पलीकडच्या गावचे दोघेजण कुंपणाशी उभे राहून मजा बघतायत.

"येरीत्सा, ये ये," काका म्हणाले. "डुकराचा कान तुझ्यासाठी ठेवलाय."

"काका, छप्पर कुठाय?"

"होऊन जाईल की. आता राहिलंय काय?"

मी डोक्याला हात लावला. तिथे बोलले असते तर त्यांच्या बहिणीसमोर बोलले असते, म्हणून मूग गिळून घरी गेले.

पुढच्या शनिवारी कुत्रंही फिरकलं नाही. मी गुस्तलच्या अंगणात गेले. तो बाकावर पाय पसरून बसला होता.

"गुस्तल, वासे अर्धे आहेत."

"ठाऊक आहे. मीच बसवलेत."

"मग चल की."

"लिकोफ झाला."

"तो खोटा होता."

"डुक्कर तर खरं होतं. मी दोनदा वाढून घेतलं." त्याने पाइप झटकला. "रोपटं वर आहे तोवर मी हातोडी उचलली तर फेलिक्सची अब्रू जाईल. त्याच्या लाकडावर माझं घर चाललंय, बाई. मला नको सांगूस."

सगळ्या घरी हेच उत्तर. हट्ट कुणाचाच नव्हता. सगळे काकांची अब्रू सांभाळत होते आणि त्या अब्रूखाली माझा बंब चालला होता.

मी तडक सॉ मिलवर गेले.

"एवढंच ना?" काका म्हणाले. "शहरातून मजूर आणतो. आणखी लाकूड पाठवतो. बोल, काय देऊ?"

"लाकूड पुष्कळ झालं. रविवारी प्रार्थना सुटली की सगळ्यांसमोर वर चढा आणि रोपटं उतरवा."

काकांचा चेहरा उतरला. "लोक हसतील गं."

"हसू देत. हसायला तरी येतील."

"या गावात मला आजवर कुणी हसलेलं नाही."

"मला रोज हसतात. मरत नाही माणूस." माझा आवाज चढला होता. "काका, तुम्ही सगळं दिलंत, फक्त स्वतः कुठे उभे राहिला नाहीत. ज्या कामाला तुमचं नाव आहे, त्यासाठी एकदा वाईटपणा घ्या. हे मला करता येत नाही. माझ्या शब्दावर ते रोपटं खाली येणार नाही."

काकांनी पाठ फिरवून करवत सुरू केली. येतील असं मला वाटलं नव्हतं.

रविवारी मात्र आले, चर्चचा कोट घालून, शिडी स्वतः ओढत. मिलच्या मालकाला शिडी ओढताना पाहून गाव आपोआप मागे आलं. ते चढले, मध्ये दोनदा दम घेतला, रोपटं उपटलं आणि काखेत धरलं.

"हा लिकोफ माझ्या हौसेचा होता," वरून म्हणाले. "कामाचा नव्हता. घाई केली, चूक माझी. छप्पर अर्धं आहे."

गुस्तल गर्दीतून पुढे आला. त्याने विचारलं, "मग आम्ही खाल्लं ते काय?"

"माझा वाढदिवस समज."

"तुझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो."

"यंदा लवकर आला."

आधी पावला हसली, मग सगळं अंगण. काकाही हसले, पण शिडी गच्च धरून, कारण त्यांना खाली कसं यायचं ते कळेना. गुस्तलने वर जाऊन त्यांचा एकेक पाय धरून पायरीवर ठेवला. खाली आल्यावर तो घरी गेला आणि हातोडी घेऊन आला.

त्यानंतर काका दर शनिवारी ओंडक्यावर येऊन बसायचे. गायनमंडळाच्या बाई खोलीचं विचारायला आल्या तेव्हा म्हणाले, "नाही." स्वतःच दचकले बहुतेक. मग पुन्हा म्हणून पाहिलं, "नाही. आधी बंब." बाई माझ्याकडे रागाने बघत गेल्या, पण खोली गेली ती गेलीच.

सणाच्या आठवड्यात कचेरीचा साहेब आला, मान वर करून कौलं पाहिली, दाराला टेप लावला आणि बंब आमच्या नावे लिहून गेला. मी घरी जाऊन जोडे काढतेय, तोच दारात गुस्तल. कधी नव्हे ते टोपी हातात.

"खऱ्या छपराचा लिकोफ राहिलाय," तो म्हणाला.

"मग फेलिक्सकाकांकडे जा."

"गेलो होतो. तो म्हणाला, लिकोफ घराच्या मालकाने द्यायचा असतो." त्याने टोपी दोन्ही हातांत फिरवली. "म्हणून सगळ्यांनी मला इकडे पाठवलं, कमांडर."

मला रडू फुटलं, त्याच्यासमोर फुटलं म्हणून राग आला, आणि त्या रागातच मी विचारलं, "किती जणांचा स्वयंपाक लावू?"