धुतलेल्या पायांची परात

मी एक जुनी पितळी परात आहे. खोलगट, काठाला दोन कड्या असलेली. मित्रांनो, खरं सांगू? आता फार दमलेय मी. तळाचं भोक दोनदा बुजवून झालं, तरी पाणी झिरपतंच. पण तुम्ही आलाच आहात, तर बसा.

तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. माझ्यासोबतच्या पराती घरोघरी पीठ मळायला गेल्या, मला मात्र चर्चने नेलं. केवढा तोरा होता माझा! प्रभू येशूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून फादर वर्षातून एकदा बारा जणांचे पाय माझ्यात धुवायचे. बाकी वर्षभर मी काचेच्या कपाटात.

पण गंमत ऐका. ते बाराही जण घरूनच पाय धुऊन यायचे! नखं कापून, टाचा घासून. त्यांतले शिंपीकाका तर पावडरही लावायचे. चारचौघांत फादरच्या हातात मळका पाय कसा द्यायचा? त्यामुळे माझ्यातलं पाणी ओतलं तसंच स्वच्छ राहायचं. "काय चकाकते हो परात!" लोक म्हणायचे. चकाकणार नाही तर काय? काम कुठे होतं मला? नुसतं बसूनही जीव थकतो, मित्रांनो.

मला घासायच्या मावशी. चर्चची सगळी झाडलोट त्यांच्याकडे. गुडघे दुखायचे आणि तोंड चालू असायचं. "परात घासा, फरशी पुसा, खुर्च्या मांडा! मी एकटी कुठे कुठे मरू?" असं म्हणत सगळं करायच्या.

त्या वर्षी पाय धुण्याच्या दिवशीच दुपारी त्यांनी मला लख्ख घासून पायरीवर वाळत ठेवलं होतं. तेवढ्यात एक अनोळखी हमाल लंगडत आला आणि माझ्या शेजारी मटकन बसला.

"ओ दादा, उठा तिथून! आत्ताच पुसलंय," मावशी खेकसल्या.

"मावशी, जरा पाणी मिळेल का? पायात खिळा घुसलाय. बूट चिकटलाय, निघतच नाही." त्याने बूट ओढून पाहिला. "हा पाय गेला तर ओझी कशी उचलू? घरी लहान लेकरं आहेत."

फादर बाहेर गेले होते. बादलीत फिनेल होतं. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "देवा, आजचाच दिवस सापडला का रे तुला!" असं पुटपुटत त्यांनी माझ्यात कोमट पाणी ओतलं आणि त्याचा पाय बुटासकट भिजत घातला. मग कात्रीने बूट कापला.

बूट निघाला आणि असा काही वास सुटला! मावशींनी तोंड फिरवून नाक दाबलं. तो बिचारा शरमेने अर्धा झाला. "राहू द्या मावशी, जातो मी," म्हणत पाय ओढू लागला.

ते पाहून मावशींचं काळीज हललं. त्यांनी नाकावरचा हात काढला आणि तो पाय दोन्ही हातांनी धरला. "कुठे निघालास असा? गप बस. दुखलं तर ओरड, पण पाय हलवू नकोस." पुन्हा पुन्हा पाणी बदलून, खाली गुडघे टेकून त्यांनी जखम धुतली. आपल्या गुडघ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही! मग त्याला धरून समोरच्या दवाखान्यात नेलं.

"आणखी एक दिवस बूट तसाच राहिला असता, तर पाय कापावा लागला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे.

संध्याकाळपर्यंत मला पुन्हा घासायला वेळच उरला नाही. तळाला काळपट डाग तसाच होता. त्यातून शिंपीकाका तापाने पडलेले, म्हणजे एक खुर्ची रिकामी. शेवटच्या बाकावर पायाला पट्टी बांधलेला हमाल बसला होता. फादरनी त्याला त्या खुर्चीवर बोलावलं.

"माझे पाय धुऊन झाले, फादर," तो म्हणाला. "या मावशींनी धुतले. याच परातीत."

आता बोलणी बसणार म्हणून मावशी खांबाआड सरकल्या. फादरनी माझ्या डागावरून बोटं फिरवली. "मावशी, तुम्ही बसा या खुर्चीवर."

"अगं बाई! थांबा फादर, आधी पाय धुऊन येते!"

सगळे हसले. "मग मी काय धुऊ, मावशी?" असं विचारत फादरनी खुर्ची पुढे ओढली.

मावशी बसल्या. भेगा पडलेले, फिनेलने सोललेले पाय. फादरनी ते हलक्या हाताने धुतले. दुसऱ्यांसाठी झिजलेल्या त्या पायांना आजवर कोणी हात लावला नव्हता. मावशी ओठ दाबून रडत होत्या. आणि त्या सोहळ्यात पहिल्यांदाच माझ्यातलं पाणी गढूळ झालं.

मी कपाटात परतले नाही. मावशींनी मला पायरीशीच ठेवलं, पाण्याच्या तांब्यासोबत. नंतर किती पाय आले, किती जखमा, किती चिखल! मावशीही आता राहिल्या नाहीत. कपाटात नवी परात आलीय, तिचीही वाहवा होते. मला मोडीत घालायचं चाललंय. घाला, माझी तक्रार नाही. थकलेय, पण कामाने थकलेय.

फक्त एवढं करा, मित्रांनो. त्या नव्या परातीला पायरीवर आणून ठेवा. आणि कोणी मळके पाय घेऊन तुमच्या दाराशी आलं, तर त्याला 'आधी धुऊन ये' म्हणू नका.