सामानगाडीचं डावं चाक

मी एक जुनी पितळी सामानगाडी आहे. ओटावा शहरात, स्टेशनासमोरच्या भल्यामोठ्या हॉटेलात माझी सारी हयात गेली. हॉटेल रेल्वेने बांधलं आणि मलाही रेल्वेच्याच कारखान्यात घडवलं. स्टेशनातून हॉटेलात यायला रस्त्याखालून भुयार होतं. बाहेर कितीही बर्फ पडो, पाहुणे कोरड्या बुटांनी येत आणि त्यांच्या पेट्या मी आणत असे. दर सोमवारी मला घासून लख्ख करत. मला त्याचा गर्व होता, उगाच कशाला लपवू?

मला ढकलायचे हॉटेलचे हमाल, ओव्हिला ब्रुने. घरी फ्रेंच आणि कामावर इंग्रजी, दोन्हींत सारखेच बडबडे.

एका फेब्रुवारीत, शनिवारी, नदीपलीकडच्या फ्रेंच गावाहून रोलांद नावाची तरुणी आली. मर्डो मॅकॅस्किल या इंग्रजी बोलणाऱ्या सुताराने तिला मागणी घातली होती. ‘शनिवारी हॉटेलात जेवायला भेटू,’ असं त्याचं पत्र होतं. तिने उलट कळवलं होतं, ‘तू नसलास तर मी तुझाच नकार समजेन.’

ती बाराला येऊन दाराशी माझ्याशेजारी बसली. एक वाजला, दोन वाजले. साडेतीनला ती उठली आणि म्हणाली, “माझी ट्रंक चढवा. चारच्या गाडीने परत जाते.”

भुयारात ओव्हिलांनी हळूच चौकशी केली. तिने पत्र पुढे केलं. ते वाचून ओव्हिला खो खो हसले.

“अगं वेडे, जेवण आपलं दुपारी, या इंग्रजांचं संध्याकाळी! दुपारी ते नुसता पाव चावतात. सहाला येतो की नाही बघ.”

“त्याची वकिली करू नका. ज्याला यायचं असतं तो येतो. ढकला.”

ओव्हिला ढकलू लागले. दहा पावलांवर मी थांबले.

“चाक अडकलं,” ते म्हणाले. “हे डावं नेहमीच त्रास देतं.”

मित्रांनो, माझं चाक ठणठणीत होतं. ओव्हिलांनी त्याखाली बुटाचं टोक सरकवलं होतं. ते वाकून खटपट करत राहिले, रोलांद उभी राहिली आणि चारची गाडी शिट्टी देऊन निघून गेली.

मर्डो साडेपाचलाच हजर झाला.

“उशीर केलास,” ती म्हणाली.

“उशीर? अर्धा तास लवकर आलोय!”

दोघं हसत जेवायला गेली. पण गाडी चुकल्याची बातमी साहेबांपर्यंत पोहोचली. नोकरी जाईल म्हणून ओव्हिलांनी दोष माझ्या चाकावर ढकलला. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून माझं नाव ‘अडेल गाडी’ पडलं. पुढे ओव्हिला निवृत्त झाले, स्टेशन शहराबाहेर गेलं, भुयार बुजलं. मला तळघरात मोडक्या खुर्च्यांजवळ ढकललं. पितळ काळं पडलं, कुणी फडकंसुद्धा लावलं नाही.

बऱ्याच वर्षांनी तळघर रिकामं करताना मला मोडीत काढायला दाराशी आणलं. त्याच दिवशी एक म्हातारं जोडपं लग्नाची पन्नास वर्षं साजरी करायला आलं. म्हातारी माझ्यापाशी थबकली.

“ही टाकून देतोय, बाई,” व्यवस्थापक म्हणाले. “डावं चाक अडकतं.”

रोलांदने काठीने चाकाला टोचलं. ते गरगर फिरलं.

“कधीच अडकलं नव्हतं ते. त्या ओव्हिलाने बूट घातला होता. मी तेव्हाच पाहिला होता.”

मर्डो बघतच राहिला. “पाहिला होतास? मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर जावं लागलं असतं.”

आता मी पुन्हा दाराशी उभी असते आणि सोमवारी मला घासतात. मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, तेल द्या. आणि एखादीला बिघडलेली म्हणून टाकण्याआधी एकदा वाकून तिच्या चाकाखाली पाहा.