अर्धी वंदना

मेणबत्तीची वात काळी पडून एका बाजूला वाकलेली होती, आणि वातीखालच्या मेणात एक बोट उमटलेलं होतं — आपलंच, उज्वलाच्या मनात आलं, त्या रविवारी घाईने विझवताना उमटलेलं. वंदना सांगायची ती उज्वलानेच, त्यामुळे तीन महिने भिसेगावच्या या विहारात मेणबत्तीला कुणी हात लावला नव्हता.

"सुरू कर गं परत," मागून जानकीबाई म्हणाल्या. "तू नाय तर इथं कुलूपच हाय. आमी किती रविवार थांबायचं?"

सुरू कर. सकाळी तिचा नवरा रत्नदीपही हेच म्हणाला होता, चहाचा कप हातात धरून, लेकीच्या फोटोकडे न बघता. शिवणकाम सुरू कर, चार माणसांत जाणं सुरू कर... गेलेली वीज परत येते, बंद पडलेला नळ परत सुरू होतो, कारण ते नुसतं थांबलेलं असतं. संपलेलं कुठे परत सुरू होतं?

त्या रविवारी शरणाची पहिली खेप म्हणून झाली होती. शरण तीनदा म्हणायचं, दुसरी खेप 'दुतियम्पि'पासून — दुसऱ्यांदाही. तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. नम्रता. वंदना मध्येच मोडायची नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. तिने फोन कापला. लगेच पुन्हा आला तेव्हा उचलला, तर लेकीच्या फोनवरून कुणी परका माणूस बोलत होता — शिळफाट्यावर, स्कूटी, टेंपो, लवकर या... पहिला फोन तिचा स्वतःचा असेल का? काय सांगणार होती?

वंदना तशीच अर्धी राहिली. आणि अर्धी आहे तोवर तो रविवारही सरलेला नाही, पोर अजून रस्त्यातच आहे, असं काहीतरी वेडं तिने उराशी धरलं होतं. आज पूर्ण केली, की नम्रता गेलीच.

तिने काडी ओढली. वात धरेना, मग धरली. बायकांनी हात जोडले. पहिल्यापासून म्हणायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण उज्वलाच्या तोंडून निघालं, "दुतियम्पि..."

मागे कुजबूज झाली.

"पहिल्यापास्नं गं, उज्वला," जानकीबाई हळूच म्हणाल्या.

उज्वलाने मान हलवली नाही, पुढचा शब्दही म्हटला नाही. मांडीवर फोन होता, पडदा काळा. ती त्याच्याकडे बघत राहिली. वाज गं... मोडली वंदना तर मोडू दे. या खेपेला मी पहिल्याच रिंगला उचलीन.