सहा नंबर, जादा

मित्रांनो, मी रीळ आहे. तुम्ही अंगठ्यानं वर ढकलता ते रील नाही. खरं रीळ. पत्र्याचा गोल डबा, आत हजार फूट फिल्म, वजन अडीच किलो. ढकलून दाखवा अंगठ्यानं.

माझा जन्म पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या एका लॅबमध्ये झाला. पिक्चरचं नाव ‘उन्हाचा कडा’. त्याचे चौदा भाग, म्हणजे आम्ही चौदा भावंडं. प्रत्येकाच्या पोटात दहा-दहा मिनिटं. मशीनमध्ये ओवताना चित्र खराब होऊ नये म्हणून आमच्या तोंडाला पारदर्शक फिल्मचा एक तुकडा जोडतात. त्याच्यावर शाईनं नंबर टाकतात. माझ्यावर टाकला ३. नुसता ३. ना ‘भाग’, ना पिक्चरचं नाव, काही नाही. टाकणाऱ्याला जेवायला पळायचं होतं. त्याचं जेवण झालं असेल, माझं वाटोळं झालं.

माझ्या पोटात सिंहगड आहे. मे महिन्यातला, तापलेला. हिरो मोठमोठे डायलॉग मारत उलटा-उलटा चालतोय आणि मागून एक वीस वर्षांची मुलगी डोक्यावर ताकाचं मडकं घेऊन जातेय. ती सुंदराबाई, पायथ्याच्या गावची. तिला सांगितलं होतं, नुसतं मागून जायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. पण हिरो कड्याकडे सरकतोय हे दिसल्यावर ती थांबली आणि त्याला सगळ्यांदेखत झापलं. कागदावर तसलं काहीच नव्हतं. डायरेक्टर हुशार. त्यानं ते तसंच ठेवलं.

पुण्यात आम्ही पंचवीस आठवडे चाललो. तिच्या त्या प्रसंगाला दर खेळाला शिट्ट्या पडायच्या. हिरोला नाही, तिला! मग सातारा, कराड, जत्रेतले तंबू. मशीनवर चढायचं, गरम व्हायचं, उतरायचं, एसटीच्या टपावर बसायचं. अंगावर ओरखडे आले. तुटलो की ऑपरेटर लोक चिकटवायचे. मजा होती पण. अंधारात सातशे माणसं आपल्याकडे बघतात, असं तुमच्याकडे कुणी बघितलंय का?

पुढे थिएटरं रिकामी व्हायला लागली. एकदा आम्हा चौदा जणांना डिस्कवर उतरवायला एका दुकानात नेलं. तिथल्या माणसानं माझं तोंड ट्यूबलाइटसमोर धरलं, पण उलट्या बाजूनं. मित्रांनो, खिडकीच्या काचेवर ३ लिहा आणि बाहेर जाऊन बघा. काय दिसतं? सहा.

“दोन सहा आलेत,” तो म्हणाला. “एक जादा आहे. आणि तीन हरवलंय. जाऊ दे, जुन्या पिक्चरचं असंच असतं.”

माझ्या डब्यावर चिठ्ठी लागली, ‘सहा नंबर, जादा’. खऱ्या सहाला मशीनवर मान मिळाला आणि मला कोपरा. मला इतका राग आला होता, पण रिळाला ओरडता येत नाही. तेव्हापासून टीव्हीवर, मोबाइलवर, सगळीकडे माझ्याविना पिक्चर दिसतो. हिरो गडाच्या पायथ्याशी असतो आणि पुढच्या क्षणी घरी बसून सरबत पितो. कुणालाही काही वाटत नाही.

दुकानातून मला पुण्याच्या थिएटरात परत पाठवलं. तेही बंद पडलं तेव्हा तिथले ऑपरेटर बद्रीनाथकाका आठवण म्हणून मला कसबा पेठेतल्या त्यांच्या खोलीवर घेऊन गेले. पलंगाखाली राहिलो, वीस उन्हाळे. पत्र्याचं छप्पर होतं. हळूहळू माझे रंग उडाले, सगळं गुलाबी झालं. अंगाला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला. फिल्म मरायला लागली की असा वास येतो.

यंदा मे महिन्यात कोथरूडला, टेकडीच्या पायथ्याच्या मैदानावर उन्हाळी चित्रपट महोत्सव होता. ‘उन्हाचा कडा’ला पन्नास वर्षं झाली म्हणून संध्याकाळी तो पिक्चर आणि त्याआधी त्यात काम केलेल्यांचा सत्कार. शेजारी मंडपात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन. काकांनी मला तिथं टेबलावर मांडलं. लोक येत होते, माझ्यासोबत सेल्फी काढत होते आणि नाक मुरडून जात होते.

दुपारी चार वाजता सुंदराबाई आली. आता सत्तरीची. सोबत तिची भाची कल्याणी, हिंजवडीत कंपनीत कामाला. मावशी तिच्याकडेच राहते. महोत्सवाचा आयोजक आमोद सत्काराची यादी घेऊन समोर आला.

“बाई, आपलं नाव काढावं लागलंय. रागावू नका.”

“का?”

“अहो, आपण पिक्चरमध्ये नाही आहात. मी चार वेळा पाहिला. आपण पाहिलाय का?”

“मी त्यात हाय म्हणल्यावर बघायचं काय?”

कल्याणी हळूच म्हणाली, “मावशी, चल ना घरी. मी पण बघितलाय. नाहीयेस तू त्यात.”

“तू गप. तू आन् तुझा मोबाइल.”

“प्रेक्षक म्हणून शाल देऊ की आपल्याला,” आमोद म्हणाला.

“मे महिन्यात शाल? तूच पांघर, घाम काढ. मला काय नको. ही पोरगी लहानपणापासनं मला खोटारडी समजती. हिनं एकदा बघावं, एवढंच पायजे.”

आणि ती माझ्या टेबलापाशी, काकांच्या समोरच्या खुर्चीत धपकन बसली. काकांना वाटलं, बाई तापलीय, जरा विषय बदलावा. त्यांनी माझा डबा उघडला आणि तोंडाचा तुकडा दोघांच्या मधे उजेडात धरला.

“हे बघा, याच पिक्चरचं रीळ. सहावं. जादा होतं म्हणून माझ्याकडे आलं.”

“तीन हाय की हो हा.”

“सहा आहे, बाई.”

“मला आकडे येत्यात. तीन हाय.”

“चाळीस वर्षं मशीन चालवलंय मी, मला शिकवू नका. सहा!”

“मग चाळीस वर्षं उलटं बघितलंत तुमी!”

लोक जमले. पुण्यात फुकटचं भांडण कुणी सोडत नाही. एक आजोबा म्हणाले, “मतदान घ्या.” मी मधे लोंबकळतोय आणि मनात ओरडतोय, अरे, दोघंही बरोबर बघताय, जागा बदला ना!

कल्याणीनं वैतागून मोबाइलचा कॅमेरा माझ्या कडेवर धरला. तिथं बारीक अक्षरांत फिल्म बनवणाऱ्या कंपनीचं नाव छापलेलं असतं.

“काका, तुमच्या बाजूनं हे नाव उलटं दिसतंय. मावशीच्या बाजूनं सरळ.”

काका उठले. टेबलाला वळसा घालून सुंदराबाईच्या मागे जाऊन उभे राहिले. बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं.

“तीन आहे हो,” ते म्हणाले. “वीस वर्षं माझ्या पलंगाखाली तीन आहे.”

मग भिंग आलं, पांढरा दिवा आला. काकांनी मला हळूहळू उलगडलं. अर्ध्याच्या पुढे एका चौकटीत ती निघाली. गुलाबी गड, गुलाबी आभाळ, डोक्यावर मडकं.

आमोद नाचायलाच लागला. “मशीन आहे ना प्रदर्शनात? लावा! आज याच भागाचा शो!”

“वास येतोय का?” काका म्हणाले. “आकसलंय हे. कडेची भोकं मशीनच्या दात्यांत बसणार नाहीत. दहा फुटांत चिंध्या होतील. मुंबईला लॅबमध्ये हळू हाताळून उतरवतील, पण दोन महिने लागतील.”

“पन्नास वर्षं एकदाच होतात, काका. एकदा चालवून बघू.”

काकांनी सुंदराबाईकडे बघितलं. “तुम्ही सांगा, बाई.”

खरं सांगू, मला चालायचं होतं. फाटलो असतो तरी चाललं असतं. वीस वर्षं पलंगाखाली काढून बघा, मग कळेल.

तिनं भिंगातून परत एकदा बघितलं. मग म्हणाली, “फाडू नका. उद्या आनखी कोन म्हणंल दाखवा, तर काय चिंध्या दाखवू?”

कल्याणीनं भिंगाला मोबाइल लावला आणि मावशीच्या प्रसंगातले फोटो काढायला लागली. एकेक चौकट. काका मला सरकवत होते, ती काढत होती. असे चाळीस फोटो झाले. कपाळावरचा घाम तिनं पुसलासुद्धा नाही.

सात वाजून गेल्यावर अंधारलं आणि पिक्चर सुरू झाला. हिरो गडाच्या पायथ्याशी आला. आमोदनं तिथं थांबवला आणि कल्याणीचे फोटो पडद्यावर एकामागून एक यायला लागले. आवाज नाही, कारण आवाज माझ्या पोटात, आणि मी टेबलावर. हिरो उलटा चालतोय. मुलगी येतेय. मुलगी थांबली. तिनं तोंड उघडलं.

सुंदराबाई उठली आणि आमोदच्या हातातून माइक घेतला.

“ए लांबड्या! म्होरं बघून चाल! मागं कडा हाय, आन् त्यो हिरो-बिरो काय वळखत न्हाई!”

सगळं मैदान हसलं. शिट्ट्या पडल्या, तशाच, सातशे माणसांच्या. कल्याणी तेवढी हसली नाही. पडद्याकडे बघत होती, मग मावशीकडे, मग परत पडद्याकडे.

खुर्च्या उचलत होते तेव्हा ती म्हणाली, “मावशी, मग तू बिबट्याला काठीनं हाकललेलं, ते पण खरं?”

“त्याचं रीळ न्हाई काढलं कुणी.”

आता मी मुंबईत आहे, थंड खोलीत. पांढरे हातमोजे घातलेली माणसं मला इंच-इंच उतरवून घेतायत. सगळा वाचेन असं नाही म्हणत ते. पण तिचा प्रसंग आवाजासकट निघालाय.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनी रिळं, कॅसेटी, फोटोंच्या पट्ट्या असतील तर पत्र्याखाली ठेवू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा, वर नीट नाव लिहा. आंबट वास आला तर उद्यावर टाकू नका. आणि घरातलं कुणी म्हणालं, मी तिथं होते, तर नाहीयेस तू त्यात असं तोंडावर फेकू नका. आधी विचारा, मधला भाग कुठे गेला.